डायॉक्सिनचा अहवाल कसा वाचायचा : शेवटचं पान शेवटीच उघडा

इन्सिनरेटरच्या किंवा कारखान्याच्या धुराड्याचे अहवाल माहितीच्या अधिकारात मिळवणं आता गोव्यातल्या बऱ्याच गावांना जमतं. गाडी अडते ती त्यानंतर. कागद हातात पडला की सगळे थेट शेवटच्या पानावर जातात. तिथे धुरातल्या डायॉक्सिन या विषारी रसायनांचा ०.०७ असा आकडा असतो आणि शेजारच्या रकान्यात ०.१ ही मर्यादा. मग रविवारच्या ग्रामसभेत एक बाजू म्हणते, 'बघा, सगळं ठीक आहे', आणि दुसरी म्हणते, 'अहवालच बोगस'. अहवाल दोघांनीही वाचलेला नसतो.

तो ०.०७ खरोखर मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे आधीच्या पानांवर ठरतं. म्हणून या लेखात वाचण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. पंचायत सदस्य, जैवविविधता समितीवरची माणसं आणि औद्योगिक वसाहतीला लागून राहणारे लोक डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. उदाहरण रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या इन्सिनरेटरचं घेतलं आहे, कारण त्याचे नियम सर्वात स्पष्ट आहेत. असं सामायिक केंद्र आपल्याकडे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

## आधी एवढं माहीत हवं

डायॉक्सिन आणि फ्युरान ही मिळून २१० रसायनांची दोन कुटुंबं आहेत. त्यांतली १७ विषारी म्हणून मोजली जातात. ती कोणी मुद्दाम बनवत नाही. क्लोरीन असलेला कचरा, म्हणजे मुख्यतः पीव्हीसी, अर्धवट जळला की ती तयार होतात. शिवाय नीट जळालेला धूर थंड होत असतानाही, साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात, उडत्या राखेच्या कणांवर ती पुन्हा बनतात. त्या राखेत तांबं असेल तर आणखी वेगाने. म्हणून भट्टी नुसती तापून चालत नाही, धूर हा टप्पा झपाट्याने ओलांडून थंडही व्हावा लागतो.

इशारा : यांना रंग नाही आणि धुरात असतात तेवढ्या प्रमाणात वासही नाही. काळा धूर आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास ज्वलन बिघडल्याची खूण आहे, डायॉक्सिनचं मोजमाप नव्हे. उलट पांढरी वाफ दिसली म्हणून सगळं आलबेल, असंही समजू नका.

## टप्पा १ : अहवालाआधी संमतीपत्र मिळवा

बहुतेक जण इथेच चुकतात. अहवाल मागतात, पण कोणत्या अटींशी तो ताडून पाहायचा ते जवळ नसतं. हवा कायदा, १९८१ खाली गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक प्रकल्पाला संमतीपत्र देतं. धुराड्याची उंची, कोणते घटक मोजायचे, किती वेळा मोजायचे आणि दिवसाला किती कचरा जाळायचा, हे सगळं त्यात असतं. जैववैद्यकीय, म्हणजे रुग्णालयांच्या कचऱ्याच्या केंद्राला याशिवाय वेगळं प्राधिकारपत्र लागतं.

याच कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे मंडळाला संमतीपत्रांची आणि उत्सर्जन मानकांची नोंदवही ठेवावी लागते, आणि त्या मानकांशी हितसंबंध असलेल्या किंवा त्यांची झळ पोचणाऱ्या माणसाला ती पाहता येते. साळगावला सेमिनरीसमोर मंडळाचं कार्यालय आहे. तिथे जाऊन कलम ५१ चा उल्लेख असलेला साधा अर्ज द्या. संमतीपत्रांच्या प्रती मंडळाच्या संकेतस्थळावरही शोधून पाहा.

कुंकळ्ळी किंवा कुंडईच्या भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांबद्दल विचारायचं असेल, तर हा टप्पा अजिबात टाळू नका. त्यांच्या संमतीपत्रात डायॉक्सिन मोजण्याची अटच नसेल, तर तुम्ही मागाल तो अहवाल अस्तित्वातच नसणार आणि 'माहिती उपलब्ध नाही' हे उत्तर खरंच असेल. मग तुमची मागणी ती अट घालण्याची हवी.

## टप्पा २ : अर्जात नेमकं मागा

'प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की एक तर गठ्ठा मिळतो, नाहीतर काहीच मिळत नाही. माहिती अधिकार अर्जाचं शुल्क १० रुपये. त्यात या गोष्टी वेगवेगळ्या मागा :

- गेल्या तीन वर्षांतले डायॉक्सिन-फ्युरान चाचणीचे पूर्ण अहवाल, परिशिष्टांसह. १७ घटकांचा तक्ता आणि जागेवरची नमुना-नोंद दोन्ही हवेत.
- चाचणीच्या दिवसाची भट्टीच्या दोन्ही कक्षांच्या तापमानाची नोंद आणि त्या दिवशी किती किलो कचरा जाळला त्याची नोंद.
- त्याच वर्षीचा 'फॉर्म ४' मधला वार्षिक अहवाल. केंद्राला तो दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला द्यावाच लागतो.
- राख कुठे पाठवली त्याच्या पावत्या.

'परिशिष्टांसह' हा शब्द विसरलात तर एका पानाचं प्रमाणपत्र मिळेल, आणि पुढचे सगळे टप्पे तिथेच खुंटतील.

उत्तराची मुदत ३० दिवसांची. कंपनीला 'त्रयस्थ पक्ष' म्हणून नोटीस काढली तर ४० दिवस. व्यापारी गुपिताचं कारण पुढे आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ड) मध्येच व्यापक जनहिताचा अपवाद आहे याकडे बोट दाखवा. धुराड्यातून बाहेर पडणारी गोष्ट गावाच्या हवेत येते, ती गुपित राहत नाही.

## टप्पा ३ : हा अहवाल डायॉक्सिनचा आहे का?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण दर तीन महिन्यांच्या नेहमीच्या चाचणीचा कागद डायॉक्सिनचा म्हणून हातात पडणं सर्रास घडतं. त्रैमासिक चाचणीत धूलिकण, नायट्रोजनची ऑक्साइडं, हायड्रोजन क्लोराइड वगैरे असतात. डायॉक्सिन-फ्युरानची चाचणी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे वर्षातून एकदा होते.

फाटकावरच्या फलकावर किंवा मंडळाच्या सर्व्हरवर जे आकडे सतत दिसतात, त्यांतही डायॉक्सिन नसतं. ऑनलाइन यंत्रणा तापमान, कार्बन मोनॉक्साइड, धूलिकण अशा गोष्टी दाखवते. कार्बन मोनॉक्साइड वारंवार उसळत असेल तर ज्वलन अपुरं आहे असा तर्क करता येतो. त्यापुढे जाऊ नका.

तपासा : एकक 'नॅनोग्रॅम टीईक्यू प्रति सामान्य घनमीटर' असंच आहे ना? टीईक्यू म्हणजे विषारीपणाने तोललेला आकडा. नुसतं 'नॅनोग्रॅम' लिहिलं असेल तर ते फक्त वजन आहे. पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग, तेव्हा शून्यं नीट मोजा.

## टप्पा ४ : नमुना कसा घेतला ते वाचा

इथे सावकाश जा. प्रयोगशाळा कितीही नावाजलेली असो, नमुना चुकला तर पुढचं सगळं वाया.

वेळ आणि घनफळ. नियम म्हणतो, ८ तास किंवा ५ घनमीटर, यांतलं जे जास्त असेल ते. सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ शोधा आणि वजाबाकी स्वतः करा. सकाळी १०.३० ला सुरू आणि दुपारी १.३० ला बंद, असं असेल तर आकडा कितीही देखणा असो, चाचणी नियमात बसत नाही. मधल्या थांब्यांची नोंदही पाहा. थांब्याचा वेळ नमुन्यात धरलेला नसावा.

सारख्या वेगाने ओढणं. डायॉक्सिन थोडं वायूत असतं, थोडं धूलिकणांवर चिकटलेलं. म्हणून धुराड्यात धूर ज्या वेगाने वर जातो, त्याच वेगाने तो नळीत ओढावा लागतो. अहवालात याला आयसोकायनेटिक म्हणतात आणि टक्केवारी देतात. ती ९० ते ११० च्या मध्ये हवी. बाहेर गेली तर जड कणांचा वाटा चुकतो. ही टक्केवारीच छापलेली नसेल तर तो तुमच्या पत्रातला (टप्पा ९) पहिला मुद्दा.

गळती चाचणी. नमुना घेण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. नंतरची नसेल तर मध्ये बाहेरची हवा शिरून नमुना पातळ झाला नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

त्या दिवशी भट्टीत काय होतं? चाचणी इन्सिनरेटरच्या योग्य क्षमतेवर घ्यायची असते. जाळलेल्या कचऱ्याची नोंद आदल्या आणि नंतरच्या आठवड्याशी ताडा. एरवी रोज पुष्कळ कचरा आणि चाचणीच्या दिवशी त्याच्या चौथाई, असं दिसलं तर त्या आकड्याला नेहमीच्या दिवसाचा म्हणता येत नाही. तापमानाच्या आलेखात पहिला कक्ष किमान ८०० अंशांवर आणि दुसरा १०५० च्या आसपास हवा, दुसऱ्याला ५० अंशांची मुभा. दुसऱ्या कक्षात धूर किमान दोन सेकंद राहायला हवा.

एक गोष्ट मात्र कुठल्याच अहवालात सापडणार नाही. भट्टी पेटवताना आणि विझवताना डायॉक्सिन बरंच जास्त बाहेर पडतं, आणि नमुना घेतला जातो तो भट्टी स्थिर झाल्यावर. रोज पेटवून रोज विझवणारी भट्टी आणि सलग चालणारी भट्टी यांचे वार्षिक आकडे सारखे आले, तरी गावाच्या वाट्याला येणारं विष सारखं नसतं. माझ्या मते वर्षाकाठच्या एका नमुन्यापेक्षा भट्टी किती वेळा पेटवली-विझवली याची नोंद जास्त बोलकी असते. तीही मागून घ्या.

## टप्पा ५ : प्रयोगशाळेचं पान

इथे फार वेळ घालवू नका, तीनच गोष्टी पाहा.

एक, एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची मान्यता. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, चाचणीगणिक असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेच्या यादीत 'धुराड्यातील डायॉक्सिन-फ्युरान' आहे का ते पाहा. नमुना एकाने घेतला आणि विश्लेषण दुसऱ्याने केलं, हे चालतं, पण मग दोघांची नावं आणि नमुना कधी हातात आला त्याची तारीख हवी.

दोन, उपकरण. उच्च-विभेदन गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला उच्च-विभेदन मास स्पेक्ट्रोमीटर, ही नेहमीची जोडी.

तीन, 'रिकव्हरी'. नमुना घेण्याआधी, धुरातलं डायॉक्सिन पकडणाऱ्या सापळ्यात ओळखीची खूण असलेलं थोडं डायॉक्सिन मुद्दाम घालतात आणि शेवटी त्यातलं किती परत मिळालं ते मोजतात. अमेरिकी पद्धत क्रमांक २३ मध्ये या घातलेल्या मानकासाठी ७० ते १३० टक्के अशी कक्षा वापरात आहे. तिथे ३५ टक्के दिसलं तर नमुन्यातलंही बरंच वाटेत गळालं असण्याची शक्यता धरा.

## टप्पा ६ : ऑक्सिजनचा हिशेब स्वतः करा

सगळ्यात जास्त अहवाल इथे चुकीचे वाचले जातात. दूधवाल्याने पाणी घातलं तर फॅटचा आकडा खाली येतो, तसंच धुरात जादा हवा मिसळली की डायॉक्सिनचा आकडा खाली येतो. विष तेवढंच, फक्त पातळ झालेलं. म्हणूनच ०.१ ही मर्यादा ११ टक्के ऑक्सिजनवर आणि कोरड्या धुरासाठी ठरवलेली आहे. मोजलेला आकडा त्या पातळीवर आणल्याशिवाय तुलना करताच येत नाही.

सूत्र असं :

दुरुस्त आकडा = मोजलेला आकडा × १० ÷ (२१ − धुरातला ऑक्सिजन टक्के)

आता सुरुवातीचा ०.०७ घ्या. अहवालातल्या वायूंच्या तक्त्यात ऑक्सिजन १५ टक्के लिहिलेला आहे असं धरा. २१ वजा १५ म्हणजे ६. १० भागिले ६ म्हणजे १.६७. ०.०७ गुणिले १.६७ म्हणजे ०.११७. मर्यादेबाहेर. ऑक्सिजन १७ टक्के असता तर तोच ०.०७ थेट ०.१७५ झाला असता. आणि ऑक्सिजन ९ टक्के असेल तर आकडा उलट ०.०५८ पर्यंत खाली येतो. हेही प्रामाणिकपणे मान्य करा.

इशारा : दुरुस्ती दोनदा करू नका. आकड्यापुढे '११ टक्के ऑक्सिजनला दुरुस्त' असं स्पष्ट लिहिलं असेल तर काम आधीच झालेलं आहे. तरीही मूळ आकडा आणि ऑक्सिजन दोन्ही मागा आणि हिशेब पडताळा. तसं काहीच लिहिलं नसेल, तर 'दुरुस्ती झाली आहे का' हा लेखी प्रश्न आधी विचारा. ग्रामसभेत आरोप त्यानंतर.

तपासा : आकडा कोरड्या धुराचा आहे ना? ओल्या धुराचा असेल आणि ओलावा २० टक्के असेल तर ०.८ ने भागा. 'सामान्य घनमीटर' किती अंशांवर धरला तेही पाहा. आपल्याकडचे अहवाल सहसा २५ अंश धरतात, युरोपीय ० अंश. त्यामुळे सुमारे ९ टक्क्यांचा फरक पडतो, आणि परदेशी अहवालाशी तुलना करताना तो आड येतो.

## टप्पा ७ : 'बीडीएल' म्हणजे शून्य नव्हे

१७ घटकांच्या १७ ओळींच्या तक्त्यात पुष्कळ ठिकाणी बीडीएल, म्हणजे 'शोधमर्यादेखाली', लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की उपकरणाला जेवढं दिसू शकतं त्याहून कमी होतं. किती कमी, हे उपकरण किती बारीक पाहतं त्यावर अवलंबून.

प्रत्येक ओळीचा विषारीपणाचा गुणक असतो. सर्वात जहाल २,३,७,८-टीसीडीडीचा गुणक १, आणि बाकी सगळे त्याच्या तुलनेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या यादीत या १७ गुणकांची बेरीज सुमारे ३.१६ होते. म्हणजे प्रत्येक घटकाची शोधमर्यादा ०.०१ नॅनोग्रॅम असेल, तर सगळ्या ओळी बीडीएल असूनही खरा आकडा ०.०३ पर्यंत असू शकतो. ठीक आहे, मर्यादेच्या बराच आत. पण शोधमर्यादा ०.०४ असेल तर तोच '०.१२६ पर्यंत काहीही' असा होतो. अशा अहवालातून मर्यादा पाळली हे सिद्ध होत नाही, मोडली हेही नाही. ती चाचणी निकामी ठरते, आणि तसंच लिहा.

म्हणून अहवालात बीडीएलला शून्य धरलं, अर्धं धरलं की पूर्ण, हे शोधा. नसेल लिहिलं तर तिन्ही प्रकारे बेरीज करून पाहा. निष्कर्ष तिन्हींत तोच राहिला तर वाद मिटला.

गुणकांची यादी कोणती वापरली तेही बघा. जुनी आंतरराष्ट्रीय यादी आणि २००५ ची यादी यांत फरक आहे. २,३,४,७,८-पेंटाक्लोरोफ्युरानचा गुणक जुन्या यादीत ०.५ होता, नव्यात ०.३ झाला. १,२,३,७,८-पेंटाक्लोरोडायॉक्सिनचा मात्र ०.५ वरून १ झाला. दोन वर्षांचे अहवाल वेगवेगळ्या याद्यांनी केलेले असतील, तर 'सुधारणा झाली' किंवा 'बिघडलं' असं म्हणण्याआधी दोन्ही एकाच यादीने पुन्हा मोजा.

## टप्पा ८ : आता शेवटचं पान

इथपर्यंत आलात की आकड्याला अर्थ येतो. तीनच निष्कर्ष संभवतात : मर्यादेत, मर्यादेबाहेर, किंवा ठरवता येत नाही. माझा अंदाज असा की नीट वाचल्यावर तिसऱ्या खान्यात पडणारे अहवाल तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. तो खाना कमी लेखू नका. पुन्हा चाचणी मागायला तोच सर्वात भक्कम आधार आहे.

धुराड्यात कमी सापडलं म्हणजे ते नाहीसं झालं असंही नाही. सक्रिय कार्बन आणि गाळणी धुरातलं डायॉक्सिन पकडतात, आणि मग ते राखेत आणि गाळात जातं. म्हणून राखेच्या पावत्या. घातक कचऱ्यासाठीची विल्हेवाट सुविधा सत्तरीत पिसुर्ल्याला आहे. राख तिथे किंवा दुसऱ्या अधिकृत जागी पोचली का, की कुठल्या खाणीच्या खड्ड्यात, हे पावतीच सांगेल.

गावठी अंडी तपासून घ्यायची कल्पना बैठकीत कोणीतरी मांडतंच. कल्पना चुकीची नाही. मोकळी चरणारी कोंबडी मातीतलं टिपते आणि चरबीत साठणारं डायॉक्सिन अंड्यात उतरतं. पण ज्या परसात कोंबड्या चरतात, तिथेच झावळ्यांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुन्या वायरी जाळल्या जात असतील, तर अंडं धुराड्याबद्दल काहीच सांगणार नाही. उघड्यावरचं असं जाळणं हाही डायॉक्सिनचा मोठा स्रोत आहे, आणि कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल.

## टप्पा ९ : पत्र

मंडळाच्या सदस्य सचिवांना लिहा, पंचायतीला प्रत द्या. भाषा कोरडी ठेवा. 'गावात कॅन्सर वाढला' असं वाक्य पत्रात आलं की उत्तर त्या वाक्याला मिळतं, बाकीचे मुद्दे बाजूला पडतात. त्याऐवजी :

१. अहवालाचा क्रमांक आणि चाचणीची तारीख.

२. कोणत्या पानावर काय नाही किंवा काय जुळत नाही, एका ओळीत एक मुद्दा. उदाहरणार्थ, 'पान ४ : नमुन्याचा कालावधी ३ तास, नियमाप्रमाणे ८ तास हवा.'

३. ऑक्सिजन दुरुस्तीचा तुमचा हिशेब, पायऱ्यांसह.

४. मागणी एकच : मंडळाच्या अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत, नेहमीच्या भारावर, पूर्ण ८ तासांची फेरचाचणी, आणि पंचायतीच्या एका प्रतिनिधीला नमुना घेताना हजर राहण्याची मुभा.

वास आणि धुराच्या नोंदी जोडायच्या असतील तर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा. एरवी दुपारी समुद्राकडून आणि रात्री-पहाटे जमिनीकडून. तुमचं घर त्या वेळी वाऱ्याच्या वाटेत नव्हतं, तर ती नोंद गाळा. एक चुकीची नोंद बाकीच्या दहांना खाली ओढते.

पत्र हातोहात द्या आणि प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच आवक क्रमांकावर काय कारवाई झाली, हे विचारणारा दुसरा माहिती अधिकार अर्ज टाका.